पंचवीस वर्षांची हमी नेमकी कशाची?

वाचकाचे पत्र : मी रत्नागिरीत राहतो. वय ६२, नुकताच निवृत्त झालो आहे. घर समुद्रापासून साधारण एक किलोमीटरवर असून वर स्लॅबची गच्ची आहे. महिन्याला सरासरी २५० युनिट वीज लागते आणि बिल अडीच हजारांच्या घरात जाते. एका विक्रेत्याने ३ किलोवॉटच्या सौर संचासाठी १ लाख ८० हजार रुपयांचे कोटेशन दिले असून ‘पंचवीस वर्षे बघायला नको’ असे तो सांगतो. मात्र शेजाऱ्यांनी नऊ वर्षांपूर्वी बसवलेली पॅनेल्स पिवळट पडली आहेत, त्यांवर तपकिरी रेघा उमटल्या आहेत आणि वीजही निम्म्यावर आली आहे, असे ते म्हणतात. पुण्यात असलेला माझा मुलगा म्हणतो की तंत्रज्ञान झपाट्याने बदलते आहे, दोन-चार वर्षे थांबा. पैसा निवृत्तीचा आहे, म्हणून विचारतो : ही पॅनेल्स खरोखर किती टिकतात, आणि आमच्या खाऱ्या हवेत टिकतील का?

सप्रेम नमस्कार.

आपण पैसे देण्याआधी विचारले, हे फार बरे झाले, कारण सौर संचाच्या आयुष्याचा बराचसा निकाल तो गच्चीवर चढतो त्या दिवशीच लागलेला असतो आणि नंतर केलेल्या देखभालीने त्यात थोडाच फरक पडतो. माझे मत आधीच सांगतो : आपण संच जरूर बसवावा, पण आपल्याला मिळालेल्या कोटेशनवर तो आहे तसा बसवू नये.

‘पंचवीस वर्षे’ हा आकडा विक्रेत्याने मनाने काढलेला नाही, मात्र तो ज्या अर्थाने वापरतो त्या अर्थाने तो खराही नाही. पॅनेलबरोबर दोन वेगवेगळ्या वॉरंटी येतात. पहिली वस्तूची असते, म्हणजे काच, चौकट, जोडण्या, आतले थर यांत निर्मितीचा दोष निघाला तर उत्पादक जबाबदार राहतो. ती बहुधा १० किंवा १२ वर्षांची असते, काही उत्पादक ती अधिकही देतात. दुसरी असते वीजनिर्मितीच्या क्षमतेची, आणि २५ वर्षांचा आकडा तिचा आहे. मोनो पर्क या सध्या सर्रास मिळणाऱ्या सिलिकॉन पॅनेलच्या कागदपत्रांत सर्वसाधारणपणे असे लिहिलेले आढळते की पहिल्या वर्षी क्षमता जास्तीत जास्त २ टक्के घटेल आणि पुढे दरवर्षी ०.५५ टक्के, म्हणजे २५ वर्षांअखेर मूळ क्षमतेच्या सुमारे ८५ टक्के शिल्लक राहील. पंचविसाव्या वर्षानंतर पॅनेल बंद पडेल असा याचा अर्थ नाही, आणि तोवर पॅनेलला काहीच होणार नाही असाही नाही. बाराव्या वर्षी काचेखालचा थर सुटला, पण क्षमता लेखी मर्यादेच्या वर आहे, अशी स्थिती आली तर आपल्या हाती फारसे काही लागत नाही. शिवाय क्षमता घटली आहे हे ग्राहकाने मोजमाप करून दाखवावे लागते, आणि बदली पॅनेल मिळाले तरी ते उतरवण्या-चढवण्याची मजुरी आणि वाहतूक पुष्कळदा ग्राहकाच्याच माथी येते.

प्रत्यक्षात पॅनेल्स किती टिकली आहेत, याचे उत्तर मात्र आश्वासक आहे. स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे मे १९८२ मध्ये १० किलोवॉटचा संच विजेच्या जाळ्याला जोडला गेला. युरोपातील तो अशा प्रकारचा पहिला संच. त्यातली २८८ पॅनेल्स तेथील संशोधकांनी पुन्हा पुन्हा मोजली आहेत, आणि ३५ वर्षांनंतरही त्यांतील बहुसंख्य पॅनेल्स उपयोगी पडेल इतकी वीज देत होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेतील संशोधकांनी जगभरातील सुमारे दोन हजार मोजमापे एकत्र करून पाहिली, तेव्हा घटीचा मध्यक दर, म्हणजे सगळे दर क्रमाने लावल्यावर बरोबर मध्ये येणारा, वर्षाला अर्धा टक्का आला. आपल्या ३ किलोवॉटच्या संचाने पहिल्या वर्षी ४,००० युनिट दिले असे धरले, तर अर्ध्या टक्क्याच्या दराने पंचविसाव्या वर्षाअखेर तो सुमारे ३,५०० युनिट देत असेल. दर दुप्पट, म्हणजे एक टक्का असला तरी ३,१०० च्या आसपास. दोन्ही आकडे आपल्या आजच्या वार्षिक वापराहून जास्तच आहेत.

तरीही लुगानोचा दाखला कोकणाला जसाच्या तसा लावू नये. तिथली हवा आपल्यापेक्षा पुष्कळ थंड आहे, आणि त्या काळातील पॅनेल्स आजच्यांसारखी नव्हती. तेव्हाच्या सिलिकॉनच्या चकत्या जाड असत. आज त्या दीडशे मायक्रॉनच्या आसपास, कधी त्याहूनही पातळ असतात. आज बाजारात जोरात असलेल्या टॉपकॉनसारख्या नव्या प्रकारच्या सेलने कोणत्याही गच्चीवर अजून २५ वर्षे काढलेली नाहीत. त्यांची ३० वर्षांची वॉरंटी हा प्रयोगशाळेतील चाचण्यांवरून बांधलेला अंदाज आहे. तो अंदाज निराधार नाही, पण अंदाजच आहे, हे ग्राहकाला सांगितले गेले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

आपल्या देशातील स्थिती पाहायची तर आयआयटी मुंबईतील फोटोव्होल्टाइक संशोधन केंद्राने आणि राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेने मिळून २०१३ पासून काही फेऱ्यांमध्ये देशभरातील पॅनेल्सची जागेवर जाऊन पाहणी केली. थंड प्रदेशांपेक्षा उष्ण प्रदेशांत घट जास्त, हे त्यात दिसले, आणि ते अपेक्षितही होते. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की मोठ्या प्रकल्पांपेक्षा छोटे संच, आणि जमिनीवरच्यांपेक्षा छपरांवरचे संच अधिक वेगाने खालावलेले आढळले. ऊन तर दोघांनाही सारखेच लागते. मोठ्या प्रकल्पात माल तपासून घेतला जातो, तो उचलण्या-ठेवण्याची पद्धत ठरलेली असते आणि देखरेखीला अभियंता असतो; घराच्या छपरावर दोन-तीन मुले दिवसभरात काम उरकून जातात. छपरावरचे पॅनेल तापतेही अधिक, कारण ते अनेकदा स्लॅबला किंवा पत्र्याला इतके जवळ बसवलेले असते की खालून वारा खेळत नाही.

आता आपल्या शेजाऱ्यांच्या पॅनेल्सकडे वळू, कारण आपली भीती तिथून आली आहे. सिलिकॉनच्या चकत्या, म्हणजे सेल, काचेला ज्या पारदर्शक थराने चिकटवलेले असतात तो बहुतेक वेळा ईव्हीए नावाच्या प्लॅस्टिकचा असतो. ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी तो वर्षानुवर्षे हळूहळू पिवळा पडतो, आणि विघटन होताना त्यातून ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते तेच आम्ल, सुटते. ते सेलवरच्या बारीक धातूच्या रेषांना आणि टाक्यांना खाऊ लागते. थर चांगल्या प्रतीचा असेल तर हे घडायला दशके लागतात, हलका असेल तर सात-आठ वर्षांत दिसू लागते. तपकिरी रेघांची गोष्ट वेगळी. सेलला केसासारखी बारीक चीर गेली की तिच्या वाटेने ओलावा पोहोचतो आणि चांदीच्या रेषांशी त्याची रासायनिक क्रिया होऊन वळणावळणाची रेघ उमटते. ती चीर पॅनेल डोक्यावरून वाहून नेताना, ट्रकमध्ये आडवे रचताना किंवा कोणी त्यावर गुडघा टेकल्यामुळे गेलेली असते. काच शाबूत राहते, म्हणून त्या दिवशी कोणाच्या लक्षात येत नाही.

पण पिवळेपणा आणि रेघा यांमुळे नऊ वर्षांत वीज निम्म्यावर येणे, हे मला पटत नाही. एवढी मोठी घट बहुधा एखाद्या ठरावीक बिघाडाने होते आणि तो पुष्कळदा दुरुस्त करता येतो. पॅनेलच्या मागच्या बाजूला जी काळी पेटी असते तिच्यात साधारणपणे तीन बायपास डायोड, म्हणजे पॅनेलचा अडलेला भाग वगळून विजेला वाट देणारे छोटे भाग, असतात. त्यांतला एक जळाला की त्या पॅनेलची एक तृतीयांश वीज जाते. सगळी पॅनेल्स एका माळेत जोडलेली असल्यामुळे एका ठिकाणचा सैल कनेक्टर किंवा नव्याने वाढलेल्या माडाची सावली साऱ्या माळेला खाली ओढू शकते. इन्व्हर्टरचा, म्हणजे पॅनेलमधली डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणाऱ्या यंत्राचा, दोष असेल तर पॅनेल्सचा काही संबंधच नाही. शेजाऱ्यांना सांगा की जाणकार माणसाकडून प्रत्येक पॅनेलचा व्होल्टेज स्वतंत्रपणे मोजून घ्या आणि भर उन्हात, संच चालू असताना, थर्मल कॅमेऱ्याने पाहणी करून घ्या. जिथे वीज अडते तिथे उष्णता साठते, आणि तो डाग कॅमेऱ्यात लगेच उठून दिसतो. तपासणी व्हायच्या आत पॅनेल्स भंगारात देण्याची घाई त्यांनी करू नये.

त्यांच्या गच्चीवर गेलात तर स्वतःही एक पाहणी करा. पॅनेलच्या खाली वाकून मागचा पांढरा थर, ज्याला बॅकशीट म्हणतात, तो नीट बघा. उघड्या तारेला किंवा जोडणीला हात न लावता त्या थरावरून बोट फिरवा. बोटाला खडूसारखी पांढरी भुकटी लागली तर थराचा वरचा पापुद्रा उन्हाने झिजू लागला आहे. मात्र त्यावर सेलच्या कडांच्या रेषेत उभ्या-आडव्या भेगा दिसल्या, तर बोटही लावू नका. पावसात तिथून पाणी आत जाते, गळतीचा प्रवाह चौकटीत उतरतो आणि सकाळी दव असताना इन्व्हर्टर दोष दाखवून बंद पडतो. भेगाळलेल्या बॅकशीटचे पॅनेल वीज देत असले तरी सुरक्षित राहिलेले नसते. त्याचे वय कागदावर नऊ वर्षे असो वा चार, ते उतरवलेच पाहिजे.

यावरून आपल्या मुख्य प्रश्नाकडे, खाऱ्या हवेकडे, येतो. खारा वारा काचेला काही करत नाही आणि चांगल्या बांधणीच्या पॅनेलच्या आत सहजासहजी शिरतही नाही. तो खातो तो लोखंडी सांगाडा, नटबोल्ट, कनेक्टर आणि अर्थिंगच्या जोडण्या. किनाऱ्यावरच्या गच्च्यांवर मी वारंवार पाहिलेले दृश्य असे : पॅनेल्स ठणठणीत, चौकटीही बऱ्या, आणि सांगाड्याच्या वेल्डिंगच्या प्रत्येक जागी गंजाचा तांबडा ओघळ. कारण साधे आहे. सांगाड्याचे पाइप कारखान्यातून जस्ताचा थर चढवून येतात, पण गच्चीवर ते कापून वेल्डिंग केले की नेमका त्या जागचा थर जळून जातो, आणि वरून फासलेला चंदेरी रंग दोन पावसाळ्यांत निघून जातो. म्हणून आपल्या संचाचा सांगाडा आधी तयार करून, भोके पाडून, मग गरम जस्तात बुडवून आणलेला असावा आणि गच्चीवर तो केवळ नटबोल्टने जोडला जावा. जस्ताचा थर किमान ८० मायक्रॉनचा हवा आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे, शक्यतो ३१६ प्रतीचे. दहा-पंधरा हजारांनी खर्च वाढेल, पण हा खर्च वाचवणे मला सर्वांत महागात पडणारी काटकसर वाटते, कारण सांगाडा बाराव्या वर्षी गेला तर पॅनेल्सचे राहिलेले आयुष्य कोणाच्याच उपयोगाला येत नाही.

कोकणात पावसाच्या आडोशासाठी सांगाडा सात-आठ फूट उंच करून त्याखाली वाळवण, बसणे-उठणे करण्याची सोय करून घेतात. सोय खरी आहे, आणि खालून वारा खेळल्याने पॅनेल्स थंडही राहतात. पण त्या उंचीवर वाऱ्याचा जोर वरच्या दिशेनेही लागतो, आणि ३ जून २०२० चे निसर्ग वादळ आपल्याकडे कोणी विसरलेले नाही. उंच सांगाडा हवा असेल तर तो स्लॅबवर नुसत्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभा नसावा. त्याचे पाय स्लॅबमध्ये किंवा कॉलममध्ये रासायनिक अँकरने, म्हणजे भोकात चिकट रसायन भरून पक्क्या केलेल्या बोल्टने, बांधलेले असावेत आणि वाऱ्याच्या वेगाचा हिशेब केलेला अभियंत्याचा आराखडा विक्रेत्याने द्यावा. अशी भोके पाडल्यावर गच्चीचे वॉटरप्रूफिंग कोण करून देणार, हेही तेव्हाच ठरवून घ्यावे.

पॅनेल निवडताना आपल्या बाबतीत मी दोन्ही बाजूंनी काच असलेल्या पॅनेलला पसंती देईन. त्यात बॅकशीट नसतेच, त्यामुळे दमट हवेतला कच्चा दुवा निघून जातो. वजन जास्त असते, म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या जागीच क्लॅम्प लावले जातात की नाही हे बघावे लागते. आयएस १४२८६ आणि आयएस/आयईसी ६१७३० ही प्रमाणपत्रे तर हवीतच, पण त्यांचा अर्थही ध्यानात घ्या. त्या चाचण्यांत पॅनेल उणे ४० ते अधिक ८५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान २०० वेळा गार-गरम केले जाते, ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत १,००० तास ठेवले जाते, २५ मिलिमीटर व्यासाचा बर्फाचा गोळा सेकंदाला २३ मीटर वेगाने त्यावर मारला जातो. यातून सुरुवातीच्या वर्षांतच मोडणारा माल वेगळा पडतो. पॅनेल २५ वर्षे जगेल असे त्यातून सिद्ध होत नाही. आपल्यासाठी आणखी एक प्रमाणपत्र मागा, खाऱ्या दमट हवेच्या चाचणीचे, आयईसी ६१७०१. आणि वॉरंटीच्या बारीक अक्षरांत समुद्रापासूनच्या अंतराची अट आहे का, हे वाचा. काही उत्पादक किनाऱ्यापासून ठरावीक अंतराच्या आतली गंजण्याची जबाबदारी घेत नाहीत. आपले घर एक किलोमीटरवर आहे, तेव्हा बहुधा अडचण येणार नाही, पण ते लेखी असलेले बरे.

इन्व्हर्टरबद्दल विक्रेते फार कमी बोलतात. त्यातील कपॅसिटर उष्णतेने सुकत जातात आणि दहा वर्षांच्या आसपास, दोन-तीन वर्षे इकडे-तिकडे, तो बदलावा लागतो असे धरून चालावे. म्हणजे २५ वर्षांत एकदा, कदाचित दोनदा, हा खर्च येणार. तो जिन्याच्या टोपीखाली, सावलीत, हवा खेळेल अशा जागी बसवून घ्या. दुपारच्या उन्हात भिंतीवर टांगलेला इन्व्हर्टर लवकर जातो. जोडण्यांबाबत आग्रह धरा की दोन्ही बाजूंचे कनेक्टर एकाच कंपनीचे असावेत, ते योग्य अवजाराने दाबलेले असावेत आणि तारा छपरावर लोळत न ठेवता बांधलेल्या असाव्यात. वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसतात, पण घट्ट बसत नाहीत; तिथे हळूहळू तापून प्लॅस्टिक वितळते, आणि छपरावरच्या संचांना आग लागण्याच्या प्रमुख कारणांत हे येते. विजांचा हंगाम आपल्याकडे मोठा असल्याने वीजरोधक (आकाशातली वीज झेलून जमिनीत नेणारी सळई), डीसी बाजू आणि एसी बाजू यांचे अर्थिंग वेगवेगळे करून घ्यावे.

देखभालीचे थोडक्यात. पावसाळ्यात पाऊसच पॅनेल धुतो. डिसेंबरपासून मेपर्यंत धूळ आणि मिठाचा पातळ थर बसतो, तेव्हा दोन-तीन आठवड्यांनी पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर मऊ फडक्याने, साध्या पाण्याने पुसावे. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये, आणि विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड असेल तर ते काचेवर वाळू देऊ नये. पॅनेलवर पाय ठेवून साफसफाई करणाऱ्याला गच्चीवर चढू देऊ नका. वानरांचा त्रास असेल तर आजूबाजूच्या फांद्या छाटाव्यात, कारण उडी थेट काचेवर पडते. आणि एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी निर्मिती थोडी कमी दिसली तर घाबरू नये. पॅनेल जितके तापते तितकी वीज दर अंशामागे सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्याने घटते, ही घट तात्पुरती असते. तिचा म्हातारपणाशी संबंध नाही.

आपल्या मुलाचे म्हणणे चुकीचे नाही, पण आपल्या निर्णयाला ते लागू पडत नाही. १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेने दाखवलेला सिलिकॉनचा सौर सेल सुमारे ६ टक्के कार्यक्षम होता. आज घरगुती पॅनेल २१-२२ टक्क्यांवर आहे. पुढच्या चार वर्षांत त्यात एखाद-दोन टक्क्यांची भर पडेलही. पण आपल्या गच्चीवर जागेची टंचाई नाही, त्यामुळे या वाढीचा आपल्याला काही लाभ नाही; थांबलात तर तेवढ्या काळाची बिले मात्र भरावी लागतील. हिशेब असा : प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे, त्यासाठी भारतात बनलेल्या सेलची पॅनेल्स घ्यावी लागतात. चांगल्या सांगाड्यासह किंमत १ लाख ९५ हजारांवर गेली तरी आपल्या खिशातून १ लाख १७ हजार जातील. बिलातला स्थिर आकार कायम राहील हे धरून महिन्याला दोन हजारांची बचत झाली, तर पाच वर्षांच्या आत पैसे वसूल होतात, तेही वस्तूची वॉरंटी अर्धीही संपलेली नसताना. या वयात पंचवीस वर्षांचा विचार कशाला, अशी शंका आपल्या पत्रात मला जाणवली. आपला निर्णय पहिल्या पाच वर्षांवरच टिकतो. त्यापुढचे प्रत्येक वर्ष आपल्या घराच्या पदरात पडणारे आहे.

एक प्रश्न आपण विचारलेला नाही, पण मुलांना पुढे पडेल : जुन्या पॅनेल्सचे काय करायचे? २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेल्सचा समावेश झाला असून निकामी पॅनेल्स गोळा करून साठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ती पूर्ण करून घ्यायची तर पॅनेल कोणाचे, हे सांगता आले पाहिजे. प्रत्येक पॅनेलचा अनुक्रमांक काचेखाली असतो. बसवण्याआधी साऱ्यांची छायाचित्रे काढून बिलासोबत ठेवा.

आता विक्रेत्याकडून कोटेशन नव्याने मागवा. त्यात पॅनेलचे आणि इन्व्हर्टरचे नेमके मॉडेल, सांगाड्याची जाडी व जस्ताचा थर, नटबोल्टची प्रत, दोन्ही वॉरंटींच्या प्रती, आणि पाच वर्षांच्या देखभालीत वर्षातून किती फेऱ्या व कोणती तपासणी, हे सारे लिहून यायला हवे. ‘पंचवीस वर्षे बघायला नको’ म्हणणारा माणूस एवढे लिहून द्यायला कां-कूं करू लागला, तर दुसऱ्या दोघांकडे विचारा. रत्नागिरीत तीन-चार वर्षे जुने संच दाखवू शकणारे विक्रेते मिळतील, आणि त्यांच्या नव्या कामापेक्षा ती जुनी गच्ची, पावसाळा संपल्यावर, आपण स्वतः चढून पाहावी. तोवर आगाऊ रक्कम देऊ नका.